किल्ली काढल्यावरही वाजत राहणारा बझर : जुन्या गाडीतील दोष कसा शोधावा?

धागाकर्ता :

नमस्कार. माझ्याकडे अमेरिकी बाजारासाठी बनलेली, १९७०च्या दशकातील एक जुनी सेडान आहे. किल्ली कुलपात असताना चालकाचे दार उघडले की डॅशबोर्डच्या आतून बझर वाजावा, अशी तिची मूळ रचना आहे. अलीकडे मात्र किल्ली काढून हातात घेतली तरी दार उघडे असेपर्यंत बझर वाजतच राहतो आणि दार लावले की थांबतो. किल्ली थोडी आतबाहेर केली की एखाद्या वेळी तो गप्प होतो, पण पुढच्या खेपेस पुन्हा तेच. आतला दिवा दाराबरोबर व्यवस्थित लागतो व विझतो, फ्यूज शाबूत आहे, गाडी सुरू होण्यात कोणतीही अडचण नाही.

एका जाणकारांनी संपूर्ण इग्निशन स्विच बदलण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी बझर. दोन्ही भाग विकत घेऊन आळीपाळीने बसवून पाहण्याऐवजी दोष नेमका कोणत्या ठिकाणी आहे हे आधी समजावे, अशी माझी इच्छा आहे. गाडी शक्य तितकी मूळ स्थितीत ठेवायची असल्याने बझर काढून टाकण्याचा विचार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

तारजोड :

आपल्या वर्णनातच निम्मे निदान दडलेले आहे. ते फक्त सर्किटच्या क्रमाने मांडून पाहायला हवे.

त्या काळातील बहुतेक गाड्यांत या सूचनेचे सर्किट अगदी साधे असते. बॅटरीकडून फ्यूजमार्गे कायम मिळणारा १२ व्होल्टचा पुरवठा प्रथम बझरला जातो. बझरमधून निघालेली वायर कुलपाशेजारच्या एका छोट्या स्विचकडे जाते, तेथून ती चालकाच्या दाराच्या चौकटीतील स्विचकडे येते, आणि दार उघडताच तो स्विच तिला गाडीच्या बॉडीशी जोडून अर्थ (म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडे परतीचा मार्ग) देतो. दोन्ही स्विच सिरीजमध्ये, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग असल्यामुळे किल्ली आत असणे आणि दार उघडे असणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या तरच बझर वाजतो. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो, म्हणून आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील वायरिंग डायग्राम जवळ ठेवावा.

कुलपाशेजारचा हा स्विच म्हणजे इग्निशन स्विच नव्हे, आणि बरेचसे अनावश्यक खर्च याच गैरसमजातून होतात. इग्निशन स्विचला किल्ली कोणत्या स्थितीत फिरवली आहे ते कळते. या छोट्या स्विचला किल्ली कुलपात आहे की नाही, एवढेच कळते. स्टिअरिंग कॉलमवर (स्टिअरिंगच्या चाकाखालील दांड्याच्या नळीवर) कुलूप असलेल्या अनेक अमेरिकी गाड्यांत तर इग्निशन स्विच कॉलमच्या खालच्या भागात, कुलपापासून बराच दूर बसवलेला असतो आणि एका दांडीने फिरवला जातो. तो बदलल्याने आपल्या बझरच्या वागण्यात काहीही फरक पडणार नाही.

आता बझर कशाने गप्प होतो ते पाहू, कारण त्यावरूनच दोषाची जागा ठरते. किल्ली बाहेर आणि दार बंद असतानाही बझर वाजत असेल, तर बझर आणि कुलपाचा स्विच यांच्यामधील वायर कोठेतरी बॉडीला घासून अर्थ झालेली असते. किल्ली घातल्याबरोबर दार बंद असूनही वाजत असेल, तर दोष कुलपाचा स्विच आणि दार यांच्या दरम्यान किंवा दाराच्याच स्विचमध्ये असतो. आपल्याकडे दार लावल्यावर आवाज थांबतो, म्हणजे दाराचा स्विच ठीक आहे आणि वायर कोठेही अर्थ झालेली नाही. बझर वाजतो आहे, म्हणजे तोही ठीक आहे. उरतो तो कुलपाशेजारचा स्विच, जो किल्ली नसतानाही जोडलेलाच राहतो आहे, किंवा त्याच्या दोन वायरी कॉलमच्या आत एकमेकींना टेकल्या आहेत. किल्ली हलवल्यावर आवाज कधी थांबतो, कधी थांबत नाही, यावरून मला पहिली शक्यता अधिक वाटते.

याची खात्री कॉलम न उघडताही करता येते. कॉलमच्या तळाशी, डॅशबोर्डखाली असलेला वायरिंगचा कनेक्टर किल्ली बाहेर आणि दार उघडे ठेवून अलग करा. बझर त्याच क्षणी थांबला तर दोष कॉलममध्ये आहे. त्यानंतर कॉलमकडील अर्ध्या कनेक्टरवर, बझरच्या स्विचच्या दोन वायरींच्या टर्मिनलांमध्ये मल्टिमीटरने रोध मोजा. किल्ली नसताना मीटरने सर्किट उघडे दाखवले पाहिजे, आणि किल्ली घातल्यावर जवळजवळ शून्य ओहम. बऱ्याच गाड्यांत या दोन वायरी टर्न सिग्नलच्या हार्नेसमधूनच (वायरींच्या जुडग्यातूनच) येतात आणि ब्रेकच्या दिव्यांचे सर्किटही टर्न सिग्नलच्या स्विचमधून जाते, म्हणून कनेक्टर अलग असताना गाडी रस्त्यावर नेऊ नये.

नवा सभासद :

एवढा खटाटोप कशासाठी? बझर साधारणपणे ओढून काढता येतो. तो काढून ठेवला तर आवाज कायमचा बंद होईल आणि गाडीच्या चालण्यावर कोणताही परिणाम होणार नाही. मी जुन्या गाड्यांमध्ये हे अनेकदा पाहिले आहे.

जुनीचाके :

आपले म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे. बझर काढल्याने गाडी अडत नाही. तरीही मी हा सल्ला देणार नाही, आणि त्यामागे मूळपणाच्या आग्रहाखेरीज दुसरेही कारण आहे.

अमेरिकेत संघीय सुरक्षा मानक क्रमांक ११४ हे १ जानेवारी १९७० पासून प्रवासी गाड्यांना लागू झाले. किल्ली कुलपात राहिलेली असताना चालकाने दार उघडले तर त्याला सूचना मिळालीच पाहिजे, हे या मानकानेच ठरवले. किल्ली काढल्यावर इंजिन सुरू होऊ नये आणि स्टिअरिंग किंवा गाडीची चाल अडली जावी, हेही त्यातच होते. किल्ली गाडीतच विसरणे हे चोराला आमंत्रण असते आणि चोरलेली गाडी बेदरकारपणे चालवली जाते, म्हणून हा नियम चोरीइतकाच अपघातांच्या विचारानेही आला. जनरल मोटर्सने तर १९६९च्या मॉडेलांपासूनच बहुतेक गाड्यांचे कुलूप डॅशबोर्डवरून कॉलमवर नेले होते. या गाड्यांत स्टिअरिंगचे कुलूप आणि बझर हे एकाच विचाराचे दोन भाग आहेत. किल्ली कुलपात राहिली तर स्टिअरिंगच्या कुलपाचा उपयोग होत नाही, आणि किल्ली राहिल्याचे सांगणारा बझरच असतो.

दुसरे असे की, आवाज बंद केल्याने कॉलममधील दोष जात नाही. कुलपाशेजारी सैल झालेली पट्टी किंवा सुटलेला धातूचा तुकडा असेल, तर तो स्टिअरिंगच्या कुलपाच्या यंत्रणेपासून फार दूर नसतो. तो तिथे नेमका काय करतो आहे, हे पाहून घेणेच इष्ट.

धागाकर्ता :

तारजोड, आपण सांगितल्याप्रमाणे मोजमाप केले. किल्ली बाहेर आणि दार उघडे असताना कनेक्टर अलग केला, आणि बझर तत्काळ थांबला. कॉलमकडील बाजूस किल्ली घातल्यावर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. किल्ली काढल्यावर मात्र सर्किट उघडे न होता आकडा काही ओहमांवर रेंगाळतो, आणि कुलपाजवळ कॉलमवर बोटाने हलके टिचकी मारली की तो उसळी घेऊन पुन्हा खाली येतो. वायरी एकमेकींना टेकल्या असत्या तर आकडा किल्लीनुसार इतका बदलला नसता, असा माझा तर्क आहे. तो बरोबर असेल तर आता कॉलम उघडावाच लागेल. त्यात कोणती काळजी घ्यावी?

जुनीचाके :

तर्क योग्य आहे. कॉलम उघडण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. मी सविस्तर लिहितो, कारण या टप्प्यावर झालेले नुकसान मूळ दोषापेक्षा मोठे असू शकते.

सर्वप्रथम बॅटरीची निगेटिव्ह केबल काढावी. १९७४ ते १९७६ या काळात जनरल मोटर्सच्या काही मोठ्या गाड्यांत एअरबॅग हा ऐच्छिक भाग म्हणून मिळत असे. आपल्या गाडीत तो असेल तर हे काम स्वतः करू नये. नसेल तर हॉर्नचे पॅड काढावे, मधला नट सोडवावा, शाफ्ट आणि स्टिअरिंगचे चाक यांच्यावर खुणा जुळत आहेत का ते पाहावे, नसतील तर कराव्यात, आणि चाक पुलरनेच (चाक ओढून काढायच्या हत्याराने) ओढावे.

शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नये, ही सूचना मी आवर्जून करतो. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकी गाड्यांचे कॉलम अपघातात दबून चालकाच्या छातीवरील आघात कमी करतील असे बनवले जाऊ लागले. त्यांपैकी अनेकांत शाफ्टचे दोन भाग प्लॅस्टिकच्या लहान पिनांनी जागच्या जागी धरलेले असतात, आणि त्या पिना मोठ्या आघाताने तुटाव्यात अशाच योजलेल्या असतात. हातोडीचा घाव आणि अपघाताचा धक्का यांतला फरक त्यांना कळत नाही. पिना तुटल्या की कॉलममध्ये खेळ येतो आणि मग तो दुरुस्त करण्यासाठी संपूर्ण कॉलम उतरवावा लागतो.

चाक निघाल्यावर लॉक प्लेट, म्हणजे स्टिअरिंग अडकवणारी चकती, दिसेल. तिच्याखाली जोरदार स्प्रिंग असते आणि वर बारीक कडे बसवलेले असते. प्लेट दाबण्यासाठी वेगळे हत्यार मिळते. तेच वापरावे आणि कडे काढताना डोळ्यांवर गॉगल असावा. त्यानंतर टर्न सिग्नल रद्द करणारा कॅम, टर्न सिग्नलची दांडी आणि धोक्याच्या दिव्यांची खुंटी काढून, स्विचचे स्क्रू सोडवून तो स्विच वरच्या बाजूस थोडा उचलून ठेवावा. वायरी ताणू नयेत.

आता कुलपाच्या सिलिंडरशेजारी एका अरुंद खाचेत बझरचा स्विच दिसेल. त्यात दोन पातळ स्प्रिंगच्या पट्ट्या असतात. किल्ली आत गेली की सिलिंडरच्या बाजूने एक बारीक बटण बाहेर येते आणि या पट्ट्या एकमेकींना टेकवते. हा स्विच सिलिंडरच्या आधी काढायचा असतो. कागदाला लावायच्या पिनेचे टोक आकड्यासारखे वाकवून त्याने पट्टी सरळ वर ओढावी. आधी सिलिंडर ओढला तर पट्टी निसटून कॉलमच्या पोकळीत पडते. म्हणून खालच्या मोकळ्या जागा सुती कापडाने बंद करून घ्याव्यात, आणि तरीही काही खाली पडलेच तर ते सापडेपर्यंत जोडणी करू नये. स्टिअरिंगच्या यंत्रणेत सुटा धातू ठेवून गाडी चालवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

सिलिंडर काढायची पद्धत वर्षानुसार बदलते. आधीच्या कॉलमांत खाचेतून पातळ स्क्रूड्रायव्हरने एक खटका दाबावा लागतो, नंतरच्या कॉलमांत धरून ठेवणारा स्क्रू असतो. आपल्या मॅन्युअलमध्ये जे असेल तेच प्रमाण मानावे.

तारजोड :

जुनीचाके यांच्या सूचनांना एक जोड देतो. स्विच निघाल्यावर लगेच नवा बसवू नका. आधी सिलिंडरच्या बाजूचे ते बटण तपासा. किल्ली घातली की ते बाहेर आले पाहिजे, आणि किल्ली काढल्यावर बोटाच्या हलक्या दाबाने आत गेले पाहिजे. ते बाहेरच अडकून राहत असेल तर नवा स्विचही किल्ली नसताना जोडलेलाच राहील. बटण मोकळे असेल आणि तरीही पट्ट्या एकमेकींना टेकलेल्या असतील, तर पट्टी वाकलेली किंवा थकलेली आहे असे समजावे.

कुलपात तेल किंवा ग्रीस घालू नये. काही काळ किल्ली गुळगुळीत फिरते, परंतु नंतर तेच तेल धूळ धरते आणि बटण चिकटवते. कुलपांसाठी ग्राफाइटची पूड नेहमी सुचवली जाते. पण ग्राफाइट विद्युतवाहक आहे, आणि येथे दोन उघडे कॉन्टॅक्ट अगदी शेजारी असल्याने मी कोरड्या टेफ्लॉनच्या फवाऱ्याला पसंती देतो.

धागाकर्ता :

काम पूर्ण झाले. पुढील वाचकांना उपयोग व्हावा म्हणून जे दिसले ते नोंदवतो.

स्विच आकड्याने सहज वर आला. पट्ट्यांच्या टोकांवर काळसर थर होता, परंतु पट्ट्या सरळ होत्या आणि हातात धरल्यावर त्यांच्यातील फट स्पष्ट दिसत होती. दोष सिलिंडरच्या बटणात निघाला. त्याच्या भोवती मधासारख्या रंगाचे, नखाने खरवडावे लागेल इतके घट्ट झालेले जुने ग्रीस साचले होते आणि त्यात पितळेची बारीक चमकती पूड मिसळलेली होती. किल्ली काढल्यावर बटण निम्मे आत जाऊन तिथेच थांबत होते. तेवढा उंचवटा पट्ट्यांना एकमेकींजवळ ठेवण्यास पुरेसा होता, आणि मीटरचा आकडा टिचकीने का उसळत होता तेही यावरून समजले.

सिलिंडर स्वच्छ करून पूर्ण वाळवला, कोरडा टेफ्लॉन वापरला, आणि बटण किल्लीबरोबर मोकळेपणाने हलू लागल्याची खात्री केली. पट्ट्यांची टोके कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसली. चाक बसवण्यापूर्वी कनेक्टरवर पुन्हा मोजले, तेव्हा किल्ली नसताना सर्किट पूर्ण उघडे आणि किल्ली असताना शून्याच्या जवळ, असे अपेक्षित आकडे मिळाले. कोणताही नवा भाग लागला नाही. किल्लीची कडा मात्र बरीच झिजलेली आहे. पितळेची पूड तिचीच असावी असे वाटते, म्हणून कुलपाच्या मूळ क्रमांकावरून नवी किल्ली कापून घेणार आहे. झिजलेल्या किल्लीवरून काढलेली प्रत झीजही सोबत आणते.

दुसरा वाचक :

माझा प्रश्न नेमका उलट आहे. गाडीचे रंगकाम पूर्ण झाल्यापासून बझर वाजतच नाही. चालकाच्या दाराने आतला दिवाही लागत नाही. शेजारच्या दाराने मात्र लागतो. बझर बदलावा का?

तारजोड :

बझरला हात लावण्यापूर्वी दाराचा स्विच पाहा. शेजारच्या दाराने दिवा लागतो, म्हणजे दिवा आणि त्याचा पुरवठा ठीक आहे. चालकाच्या दाराकडून अर्थ मिळत नाही एवढाच त्याचा अर्थ. हा स्विच आपल्या आट्यांमधून किंवा धातूच्या कडेतून थेट चौकटीच्या पत्र्याला टेकून अर्थ मिळवतो. रंगकामात त्या भोकाच्या कडेवर प्रायमर आणि रंगाचा थर बसला की स्विच घट्ट बसलेला दिसतो, पण विद्युतदृष्ट्या तो अधांतरी असतो. स्विचच्या धातूच्या अंगापासून बॉडीच्या उघड्या धातूपर्यंत एक वायर तात्पुरती लावून पाहा. दिवा आणि बझर दोन्ही जागे झाले तर भोकाच्या आतील आटे तेवढे स्वच्छ करा, रंग बाहेरून खरवडू नका, आणि गंज येऊ नये म्हणून थोडे डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारे) ग्रीस लावून स्विच बसवा.

चालकाच्या दाराच्या स्विचला बहुधा दोन वेगवेगळी टर्मिनल असतात, एक दिव्यासाठी आणि एक बझरसाठी, म्हणजे शेजारच्या प्रवाशाने दार उघडल्यावर बझर वाजत नाही. रंगकामानंतर तेथे शेजारच्या दाराचा एकाच टर्मिनलचा स्विच बसवला गेला असेल तर दिवा लागेल पण बझर मुका राहील, हेही पाहून घ्यावे.

एवढे करूनही आवाज आला नाही, तर बझरपासून कुलपाकडे जाणारे टर्मिनल एका वायरने क्षणभर अर्थला लावा. बझर वाजला तर दोष पुढे आहे. वाजला नाही आणि दुसऱ्या टर्मिनलवर १२ व्होल्ट मिळत असतील, तर बझरच थकला आहे. जुना बझर विद्युत घंटेसारखाच चालतो. कॉइल पट्टीला ओढते, पट्टी हलताच कॉन्टॅक्ट तुटतो, पट्टी परत येते आणि हेच अतिशय वेगाने होत राहते. प्रत्येक वेळी कॉन्टॅक्टवर ठिणगी पडते, म्हणून कालांतराने तिथे काळा थर जमतो. झाकण अलगद उघडत असेल तर तो थर पॉइंट फाइलने किंवा बारीक पॉलिश पेपरने एकदोनदा हलकेच ओढून काढा आणि क्लीनरने धुवा. एमरी कापड मात्र वापरू नका, कारण त्याचे कण धातूत रुतून बसतात. काही गाड्यांत बझर आणि हॉर्नचा रिले एकाच डबीत असतात. अशा डबीला हात लावण्याआधी हॉर्नचा पुरवठा तोडावा.

दुसरा वाचक :

अर्थच मिळत नव्हता. आटे स्वच्छ केल्यावर दिवा आणि बझर दोन्ही चालू झाले. आणखी एक शंका. गाडी १९७५ची आहे. इग्निशन चालू केल्यावर, दार बंद असूनही, तोच बझर काही वेळ वाजतो. हाही दोष आहे का?

जुनीचाके :

तो किल्लीचा बझर म्हणून वाजत नसून सीट बेल्टची आठवण म्हणून वाजत आहे. अनेक गाड्यांत दोन्ही सूचनांसाठी एकच बझर वापरलेला असतो. १९७४च्या मॉडेलांत पुढच्या आसनांचे पट्टे लावल्याशिवाय गाडी सुरूच होऊ नये, अशी इंटरलॉकची व्यवस्था अमेरिकेत आली होती. तिला इतका विरोध झाला की त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये कायद्याने तिची सक्ती रद्द केली, आणि पट्ट्यांसाठी नियमाने सक्तीचा ठरवता येणारा आवाज इग्निशन चालू केल्यापासून आठ सेकंदांपुरता मर्यादित केला. आपल्या गाडीत तो आवाज चारपासून आठ सेकंदांत थांबत असेल तर सर्व काही ठीक आहे. पट्टा लावूनही तो थांबत नसेल तर प्रथम आसनाखालील पट्ट्याच्या स्विचचा कनेक्टर तपासा आणि त्यानंतर टायमर. कुलपाशेजारच्या स्विचचा त्याच्याशी संबंध नाही, म्हणून त्यासाठी कॉलम उघडण्याची गरज नाही.